अग्निशामक बंबावरील आसनव्यवस्था आणि श्वसनसंचाची जागा

अग्निशामक बंबाचा विचार करताना पाण्याच्या टाकीची धारणक्षमता, पंपाचा दाब, शिडीची उंची यांकडेच सामान्यतः लक्ष जाते. बंबावर माणसे कोठे व कशी बसतात, आणि धुरात शिरताना जो श्वसनसंच ती पाठीवर घेतात तो प्रवासात कोठे असतो, हे प्रश्न गौण मानले जातात; खरेदीच्या कागदपत्रांतही ते बहुधा अखेरच्या पानावर येतात. परंतु संच ज्या जागी ठेवलेला असतो तीवरून तो प्रत्यक्षात वापरला जाईल की नाही हे पुष्कळ अंशी ठरते, आणि संच न वापरता धुरात शिरलेल्या माणसास पाण्याचा कितीही दाब वाचवू शकत नाही. म्हणून या प्रश्नाचा थोडा विस्ताराने विचार करणे उचित होईल. तो करताना मोठ्या शहरांतील दलांची सोय हेच प्रमाण न मानता, मुदखेडसारख्या नगरपरिषदेच्या गावाची व त्याभोवतालच्या खेड्यांची गरज कोणती, याकडे विशेष लक्ष दिले आहे.

आगीत मनुष्य जळून मरतो अशी सर्वसाधारण समजूत असली तरी बंद जागेतील आगीत धूरच अधिक घातक असतो. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटेपूर्वी भंडारा येथील जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात शिशु विभागात लागलेल्या आगीत दहा अर्भके दगावली. त्यांतील बहुतेकांच्या मृत्यूचे कारण धुराने गुदमरणे हे होते. धुरातील कार्बन मोनॉक्साइड रक्तातील हिमोग्लोबिनशी प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्टपणे संयोग पावतो. हवेत त्याचे प्रमाण दशलक्ष भागांत १२०० झाले म्हणजे ती हवा जीवितास तात्काळ धोकादायक गणतात. सव्वा टक्क्याच्या आसपास पोहोचल्यास दोनतीन श्वासांतच शुद्ध हरपते. फोम, प्लॅस्टिक, कृत्रिम धागे जळू लागले की त्यात हायड्रोजन सायनाइडची भर पडते. यांपैकी पहिल्या वायूस वास नाही, रंग नाही. ओला रुमाल तोंडास बांधून आत जाण्याची जी रीत आपल्याकडे अद्याप दिसते ती काजळीचे कण अडविते. विषारी वायूस ती अडवीत नाही.

श्वसनसंच हा यावरील उपाय होय. आज प्रचारात असलेला संच खुल्या मंडलाचा असतो: पाठीवरील सिलिंडरमध्ये दाबाखाली भरलेली साधी हवा मुखवट्यात येते आणि उच्छ्वास बाहेर सोडला जातो. सिलिंडरचे आकारमान ६.८ लिटर आणि दाब ३०० बार धरल्यास गुणाकाराने २०४० लिटर हवा येते. परंतु इतक्या दाबाखाली वायू आदर्श नियमाप्रमाणे वागत नाही, म्हणून प्रत्यक्षात सुमारे १८५० लिटर हाती लागतात. दाब ५५ बारच्या आसपास उतरला की इशाऱ्याची शिट्टी वाजू लागते. त्या वेळी साधारण ३७० लिटर शिल्लक असतात आणि ते परतीच्या वाटेचे होत. मध्यम श्रमात मिनिटास ४० लिटर हवा लागते असे धरले तर शिट्टीपर्यंत सुमारे ३७ मिनिटे मिळतात. जड पाइप ओढीत जिना चढणारा मनुष्य मिनिटास ६५ लिटरही घेतो; त्यास २३ मिनिटेही पुरी मिळत नाहीत. पोलादी सिलिंडरच्या संचाचे वजन पंधरा किलोच्या आसपास, तर तंतुमिश्र सिलिंडरच्या संचाचे दहा ते बारा किलो भरते. हे आकडे ध्यानात ठेवावेत, कारण आसनाचा सारा वाद या वजनाभोवती आणि या मिनिटांभोवती फिरतो.

प्रारंभीच्या बंबांवर आसन असे म्हणण्याजोगे काही नव्हतेच. एकोणिसाव्या शतकात लंडनच्या दलाचे प्रमुख जेम्स ब्रेडवुड यांच्या नावाने ओळखली जाणारी घडण अशी होती की, मध्यभागी पाइपांची लांबट पेटी, वर शिडी, आणि पेटीच्या दोन्ही कडांवर रस्त्याकडे तोंड करून बसलेली माणसे. हाताशी पितळी दांडी, पायांखाली फळी. घोडे गेले, मोटार आली, तरी बसण्याची ही रीत पुढे कित्येक वर्षे टिकली. उतरण्यास ती अत्यंत सोयीची. वळणावर फेकले जाण्यासही तितकीच. पुढे आत तोंड करून बसण्याची बाके आली, मग छप्पर आले आणि शेवटी चारही बाजूंनी बंद अशी केबिन आली. अमेरिकेत तर पूर्ण बंद केबिनचा आग्रह नव्या बंबांच्या मानकात १९९१ मध्ये धरला गेला, इतकी ही गोष्ट अलीकडची आहे.

आपल्याकडे मुंबई महापालिकेच्या १८८८ च्या अधिनियमाने अग्निशामक दल राखणे हे पालिकेचे कर्तव्य ठरविले. त्या दलाच्या इतिहासातील सर्वांत भीषण दिवस म्हणजे १४ एप्रिल १९४४. व्हिक्टोरिया गोदीत नांगरलेल्या ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजावर दारूगोळा आणि कापसाच्या गाठी एकत्र होत्या. आग लागली, जहाजात नऊशे टनांहून अधिक पाणी ओतले गेले, पण धूर इतका दाटला होता की आगीचे मूळ नेमके कोठे आहे हे कोणास सापडेना. पुढे झालेल्या स्फोटांत दलाचे ६६ जण प्राणास मुकले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. स्फोटाचे कारण दारूगोळा हे खरेच. तथापि कापसाची गाठ आतल्या आत धुमसते, बाहेरून विझल्यासारखी दिसते आणि तिच्या धुरात आगीचा ठाव लागत नाही, हा त्या दिवसाचा दुसरा धडा कापूस पिकविणाऱ्या मराठवाड्यास अधिक जवळचा आहे. जिनिंगच्या आवारात रचलेली गंजी वा प्रेसिंगनंतरची गाठ पेटली म्हणजे अनुभवास येते ते हेच.

केबिन बंद झाल्यावर श्वसनसंच कोठे ठेवावा हा प्रश्न उभा राहिला. आधी तो बंबाच्या कुशीतील कप्प्यात, लाकडी पेटीत असे. पेटी उतरवायची, उघडायची, संच तपासायचा, मग चढवायचा. इतका व्याप असल्यामुळे ‘आधी आग पाहू, मग संच काढू’ ही वृत्ती बळावे. त्यावर तोड म्हणून आसनाच्या पाठीतच संच बसविण्याची कल्पना पुढे आली. पाठ पोकळ ठेवायची, तीत पकडीने संच उभा धरायचा. माणसाने बसल्याबसल्या खांद्यांवर पट्टे घ्यावेत आणि बंब थांबताच पकड सोडून उतरावे. पाहता ही योजना फार सुटसुटीत आहे. आपल्याकडील नव्या बंबांच्या विनिर्देशांतही ती मोठ्या हौसेने घातली जाते. मात्र तिच्यामागील यांत्रिकी जितकी तपासावी तितकी तपासली जात नाही.

ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारा बंब एखाद्या झाडावर आदळून जागीच थांबला अशी कल्पना करावी. न बांधलेला संच त्याच वेगाने पुढे जात राहतो. बारा किलोच्या संचाची गतिज ऊर्जा त्या क्षणी सुमारे ११५० ज्यूल असते, म्हणजे तो जवळजवळ दहा मीटर उंचीवरून, तिसऱ्या मजल्यावरून म्हणा, डोक्यात पडावा त्याच्याइतकी. म्हणूनच अमेरिकेच्या राष्ट्रीय अग्निसंरक्षण संघाच्या मानकात अशी अट आहे की केबिनमध्ये संच ठेवायचाच असेल तर त्याची पकड गुरुत्वाच्या नऊपट बलास टिकली पाहिजे, आणि ती यांत्रिक कुलपासारखी असावी. कुलूप लागल्यावाचून संच तीत राहताच कामा नये. बारा किलोस नऊपट म्हणजे १०८ किलोचा भार. रबरी पट्टा, कापडी बंद किंवा स्थानिक कारागिराने वाकविलेली पत्र्याची कडी एवढा भार झेलील असे मानणे धाडसाचे होय.

आसनाची दिशाही येथे महत्त्वाची ठरते. मनुष्य पुढे तोंड करून बसला असेल तर समोरच्या आघातात त्याच्या पाठीमागचा संच त्यालाच पुढे रेटू पाहतो, आणि माणसाचा व संचाचा असा दोहोंचा भार एकट्या आसनपट्ट्यावर येतो. मागे तोंड करून बसला असेल तर संच भिंतीशी राहतो, पण मनुष्याची पाठ त्यावर दाबली जाते. सिलिंडरचा गोल कणा आणि खालची झडप थेट पाठीच्या कण्यास भिडतात. दोन्हींत निर्दोष अशी एकही नाही. पाण्याने अर्धवट भरलेल्या टाकीचा बंब तर वळणावर कलंडण्याचीही भीती असते, आणि कलंडताना दिशांचा हिशेब उरतच नाही.

दुसरी अडचण पट्ट्यांची. संचाचे खांद्यावरचे पट्टे आणि वाहनाचा आसनपट्टा एकाच जागी आले की गुंता होतो. घाईत मनुष्य संचाचे पट्टे आवळतो आणि आसनपट्टा सोडून देतो; आपण बांधलेले आहोत असे त्यास वाटत राहते. अमेरिकी बंबांत आसनपट्टे मुद्दाम लाल वा नारिंगी रंगाचे करण्याचा नियम यातूनच आला, म्हणजे काळ्या पट्ट्यांत तो चटकन ओळखू यावा. चालत्या बंबात उभे राहून संच चढविण्याची जी सवय पुष्कळ दलांत दिसते तिचे तर समर्थनच होऊ शकत नाही.

तिसरी अडचण अलीकडे ध्यानात आली आहे. आगीतून परतलेल्या संचावर, कपड्यांवर, पाइपांवर काजळीचा जो थर बसतो त्यात कर्करोगास कारण होणारी द्रव्ये असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२२ मध्ये अग्निशामकाच्या व्यवसायातील संसर्ग हा मनुष्यात निश्चितपणे कर्करोगकारक अशा पहिल्या गटात घातला. मळका संच पुन्हा आसनाच्या पाठीत अडकवायचा आणि खिडक्या लावून अर्धा तास त्याच केबिनमध्ये बसून परतायचे, ही गोष्ट त्यानंतर कोणास निर्धास्तपणे करता येऊ नये. स्वीडनमधील काही दलांनी याच कारणास्तव संच केबिनच्या बाहेर नेऊन ‘स्वच्छ केबिन’ची पद्धत रूढ केली. म्हणजे बाहेरच्या कप्प्यातून आत आलेला संच अर्धशतकाच्या फेऱ्यानंतर पुन्हा बाहेर निघाला आहे, असे दिसते.

आता प्रस्तुत प्रदेशाकडे वळू. मुदखेड हे मनमाड–सिकंदराबाद लोहमार्गावरील जंक्शन. आदिलाबादकडे जाणारा फाटा येथूनच निघतो. गाव तालुक्याचे, नगरपरिषदेचे. भोवताली कापूस, सोयाबीन, ऊस आणि ज्यासाठी ते प्रसिद्ध आहे ती गुलाबाची व मोगऱ्याची शेती. नांदेड शहर सुमारे पंचवीस किलोमीटरवर. अशा गावातून बारड वा मुगट यांसारख्या खेड्यांकडे, अथवा नांदेडहून मुदखेडकडे बंब निघाला म्हणजे तो शहरातल्यासारखा पाच मिनिटांत पोहोचत नाही. सरासरी वेग ताशी ४० किलोमीटर धरला तर पंचवीस किलोमीटरांस साडेसदतीस मिनिटे लागतात.

येथेच या प्रश्नाचा खरा उलगडा आहे. सरावलेल्या माणसास कप्प्यातून संच काढून, चढवून, मुखवट्याची हवाबंदी तपासण्यास एक मिनिट लागते आणि आसनातून उठल्यास त्यातील अर्धे वाचते असे धरू. पाच मिनिटांच्या शहरी फेरीत ही बचत एकूण वेळेच्या दहाव्या हिश्शाची आहे आणि उंच इमारतीच्या जिन्यात तिचे मोल निश्चित आहे. साडेसदतीस मिनिटांच्या फेरीत तीच बचत शेकडा दीडसुद्धा भरत नाही. उलट, केबिनमध्ये वजन घेऊन काढलेले किलोमीटर पाच-सहा पटींनी वाढतात. तेही अरुंद रस्त्याने, उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांतून, रात्री दिवे न लावलेल्या बैलगाड्यांच्या मागून. अंतर वाढते तसा आसनस्थ संचाचा लाभ घटतो आणि धोका वाढतो. महानगराचा विनिर्देश जसाच्या तसा उचलून तालुक्याच्या बंबास लावणे म्हणूनच सयुक्तिक नाही.

आगींचे स्वरूपही वेगळे आहे. कडब्याची वळई, सोयाबीनची गंजी, गोठा, उभा ऊस या आगी उघड्यावरच्या. त्यांत वाऱ्याची बाजू सांभाळून काम करणे मुख्य, संच दुय्यम. संचाची खरी गरज पडते ती सरकीच्या वा गाठींच्या गुदामात, बाजारपेठेतील माळवदाच्या खोल खोल्यांत, रुग्णालयात, आणि जेथे आग नसतेच अशा एका जागी: विहिरीत, सेप्टिक टाकीत व पेवात. जुन्या वाड्यांतील धान्याचे पेव पुष्कळ दिवसांनी उघडले म्हणजे धान्याच्या श्वसनाने त्यातील प्राणवायू संपलेला व कार्बन डायऑक्साइड तळाशी साचलेला असतो. एक उतरतो, कोसळतो. त्यास काढण्यास दुसरा, मग तिसरा. अशा जागी बंब पोहोचल्यावर प्रथम दोर, तिवई, दिवा यांची सिद्धता करावी लागते, मगच संच चढवून मनुष्य उतरतो. आसनातून संचासह उडी मारणाऱ्या माणसाची तेथे कोणास आवश्यकता नसते. जमिनीवर उभे राहून सहज हाती लागणारा संच मात्र हवा असतो.

तेव्हा संच बाहेरच्या कप्प्यात ठेवावा. मात्र तो कोणत्या कप्प्यात, यास तितकेच महत्त्व आहे. मागच्या टोकास, पाइपांच्या गुंडाळ्यांखाली, फेसाच्या डब्यांमागे ठेवलेला संच नसल्यासारखाच होय. यादीवर तो असतो, पाठीवर कधीच नसतो. योग्य जागा म्हणजे केबिनच्या मागील दारालगतचा पहिला कप्पा, आणि तोही डाव्या बाजूचा. कारण आपल्याकडे वाहन रस्त्याच्या डाव्या कडेस थांबते व उजवीकडून वाहतूक चालू असते. संच आडवा न ठेवता छातीच्या उंचीवर उभ्या पाळण्यात, पट्टे बाहेरच्या बाजूस सैल सोडून अडकवावा. मग मनुष्य पाठमोरा होऊन त्यात हात घालू शकतो आणि आसनाची बहुतेक सोय जमिनीवर मिळते. मुखवटा स्वतंत्र पिशवीत असावा. पाळण्याची पकड येथेही यांत्रिक हवी, नाहीतर खडबडीत रस्त्याने झडपा सैल होतात आणि दार उघडताच सिलिंडर पायावर येते.

मराठवाड्याच्या उन्हाळ्याचाही विचार केला पाहिजे. मे महिन्यात उन्हात उभ्या बंबाचा बंद कप्पा ६० अंशांपर्यंत तापू शकतो. १५ अंशांस ३०० बार असलेला दाब तेव्हा ३४५ बारच्या पुढे जातो. सिलिंडरची चाचणी ४५० बारला झालेली असते, म्हणून फुटण्याची भीती नाही. फसवणूक आहे ती मोजपट्टीची. दुपारी पूर्ण भरलेले दिसणारे सिलिंडर पहाटे पाहिले तर उणे निघते. भरतेवेळी हवा तापते, तेव्हाही हेच घडते. ५५ अंशांस ३०० बार दाखविणारे सिलिंडर २७ अंशांस निवल्यावर २७४ बारच दाखवील. दाबाची रोजची नोंद म्हणून सकाळी, एकाच वेळी व्हावी. मुखवट्याचे रबर उन्हाने ताठते व त्याची कड चेहऱ्यास बसेनाशी होते. या दृष्टीने पांढऱ्या रंगाचे, वायुवीजन असलेले शटर आणि सावलीचे बंबघर यांवर केलेला खर्च वाया जात नाही.

माणसांच्या संख्येचा मुद्दा राहिला. संच घेऊन एकट्याने आत जाऊ नये हा सर्वमान्य नियम आहे, आणि आत गेलेल्यांची वेळ व दाब बाहेर फळ्यावर मांडणारा एक जण हवा. लंडनच्या स्मिथफील्ड बाजाराच्या तळघरांत जानेवारी १९५८ मध्ये लागलेल्या आगीत दोन अग्निशामक वाट चुकून, हवा संपून मेले. त्यानंतर ब्रिटनमध्ये ही फळ्याची पद्धत काटेकोर करण्यात आली. आत दोन, फळ्यावर एक, पंपावर चालक आणि एक प्रमुख मिळून पाच होतात. म्हणजे बंबावर निदान पाच आसने हवीत आणि प्रत्येकास स्वतंत्र आसनपट्टा हवा. छोट्या गावी एका पाळीस चारच जण मिळाले तर फळा प्रमुखाने धरावा. आतल्या दोघांतून एक कमी करण्याचा मोह टाळावा. सहावे, सातवे आसन केवळ बाकाची लांबी वाढवून निर्माण करण्यात अर्थ नाही. पूर्ण पोशाखातील मनुष्य साध्या पोशाखातील माणसापेक्षा बराच रुंद भरतो, आणि बाकावर दाटीने बसलेल्यांच्या आसनपट्ट्यांची कुलुपे एकमेकांच्या मांडीखाली जातात.

आपल्याकडे बहुतेक बंब मालमोटारीच्या चासीवर बांधणीकाराकडून सिद्ध होतात. भारतीय मानकांत पाण्याच्या बंबासाठी आय.एस. ९५० सारखी आणि श्वसनसंचासाठी आय.एस. १०२४५ अशी स्वतंत्र मानके आहेत. या दोहोंचा सांधा जेथे जुळतो ती पकड, तो पाळणा, ती जागा व्यवहारात नगरपरिषदेच्या विनिर्देशातील दोन ओळींवर अवलंबून राहते. त्या ओळींत ‘श्वसनसंच ठेवण्याची योग्य सोय’ एवढेच लिहिले तर बांधणीकार त्यास सोपी पडेल ती सोय करून देतो, आणि त्यात त्याचा दोष काढता येत नाही. जागा, उंची, बाजू, पकडीने झेलावयाचा भार हे सारे आकड्यांत लिहिले पाहिजे. तसेच दोन संचांमागे निदान दोन जादा सिलिंडरांची जागा त्याच कप्प्याच्या तळाशी, संचाखाली ठेवावी. तालुक्याच्या गावी श्वसनाची हवा भरण्याचे यंत्र असेलच असे नाही, आणि तेवीस मिनिटांत पहिले सिलिंडर संपल्यावर दुसरे आणण्यास पंचवीस किलोमीटर जावे लागू नये.